कागद न शिरणारं खोकं

ठमीच्या यादीचा हा सतरावा अवतार होता आणि आधीच्या सोळांसारखाच तोही बजेटच्या बाहेर उडी मारत होता. चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये भिंगं बसवता बसवता तिने दोन वर्षं पैसे साठवले होते, आणि त्यातून तिला स्वतःचा गेमिंग कॉम्प्युटर हवा होता. तयार नव्हे. एकेक भाग स्वतः निवडून, स्वतः जोडलेला. याद्या ती दुकानातल्या जुन्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूला लिहायची. एकदा एका आजोबांच्या पाकिटात नंबराच्या कागदाऐवजी रॅमचा हिशेब गेला, आणि माझा नंबर सोळा कधीपासून झाला, असं विचारत ते दुसऱ्या दिवशी दारात हजर झाले. मालकाने तिला चांगलंच फैलावर घेतलं. ठमीने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात मदरबोर्ड बदलला.

घाई होती ती दादामुळे. दादा बोटीवर कामाला होता. दुरुस्तीसाठी त्याची बोट एका बंदरात थांबली होती, आणि ती सोमवारी निघाली की पुढचे पाच महिने त्याला जेमतेम निरोप पाठवण्यापुरतं नेट मिळणार होतं. लहानपणी ही दोघं शेजाऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकाच कीबोर्डने खेळायची. बाणांची बटणं दादाकडे, उडीचं बटण ठमीकडे. म्हणजे पळायचं कुठे ते तो ठरवणार आणि त्याने सांगितलं की हिने उडी मारायची. आता दादाकडे लॅपटॉप होता, आणि येत्या रविवारी दुपारी चारला दोघांनी आपापल्या मशीनवर, बरोबरीने खेळायचं ठरलं होतं. ठमी बावीस वर्षांची झाली होती, पण शाळेच्या सहलीआधी मोजायची तसे ती रविवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजत होती.

त्याआधीच्या रविवारी ती कॉम्प्युटरच्या भागांच्या दुकानात गेली. बिजागऱ्या घ्यायच्या आहेत या सबबीखाली बाबाही मागोमाग आले. बाबा सुतार. दुकान बोळाएवढं अरुंद, छतापर्यंत खोकी रचलेली, आणि गल्ल्यावर बसलेल्या काकांचा ड्रॉवर असा आडमुठा की दर वेळी त्याला गुडघ्याने ढोसल्याशिवाय तो उघडतच नव्हता. बाबांचं सगळं लक्ष त्या ड्रॉवरकडे. त्यांचे हात शिवशिवत होते हे ठमीला न बघताही कळत होतं.

काकांनी यादी वाचली आणि पेन्सिल कानावरून काढली. महागडा प्रोसेसर त्यांनी उडवला, खेळायला एक पायरी खालचा पुरतो म्हणाले. रॅम तेवढीच ठेवली. पॉवर सप्लाय स्वस्तातला टाकला होता, तिथे मात्र त्यांनी डोळे वटारले. बाकी सगळीकडे हात आखडता घे, पण यात नको, हा जाताना एकटा जात नाही, सगळ्यांना घेऊन जातो, असं त्यांनी बजावलं. मग त्यांनी काउंटरवर दोन ग्राफिक्स कार्डं ठेवली. एक नवं, छोटं. दुसरं वापरलेलं पण दणकट, हातभर लांब. दोन्ही त्यांनी चालवून दाखवली. दुसऱ्या कार्डावर पडद्यावरचं गवताचं पातं न् पातं वेगळं हललं, आणि ठमीचा जीव तिथेच अडकला. पैसे कमी पडत होते. किती, तर बरोबर यादीतल्या शेवटच्या ओळीएवढे.

तेवढ्यात बाबांनी शेल्फवरचं पत्र्याचं कॅबिनेट उचललं, म्हणजे ज्यात हे सगळे भाग बसतात ते खोकं. बोटाने टकटक केलं. मग शर्टाच्या खिशातून कागदाची पट्टी काढून त्याच्या सांध्यात सरकवली. पट्टी आरपार गेली.

ही पट्टी घरात सगळ्यांना चांगलीच ठाऊक होती. बाबांनी केलेल्या कुठल्याही वस्तूच्या सांध्यात ती शिरली की वस्तू नापास. दादा वर्षभर त्यांच्या हाताखाली होता, तेव्हा त्याचं एक स्टूल नऊ वेळा नापास झालं होतं. आपण बोटीवर गेलो ते समुद्राच्या ओढीने नव्हे, त्या पट्टीच्या धाकाने, असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

"याला पैसे मोजणार तू?" बाबा म्हणाले. "हे खोकं मी करतो."

ठमीला आकाश ठेंगणं झालं. तिने पेन घेतलं आणि शेवटची ओळ एका फटक्यात खोडून टाकली. ओळ होती 'कॅबिनेट आणि दोन पंखे'. पंखे त्याच ओळीत होते, तेही गेले. आनंदाच्या भरात माणसाला वाचता येत नाही. काकांच्या पुढ्यात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, त्यांनीही खोडलेल्या ओळीकडे पाहिलं नाही.

आठवडाभर संध्याकाळी घरात लाकडाचा भुसा आणि गप्पा. एका कपाटातून उरलेल्या फळ्या होत्या, त्यांना बाबांनी रंधा मारला. ठमीने कार्डाचं माप काढून दिलं आणि केसभरही जास्तीचं नको म्हणून बजावलं. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती लगेच भुसा झाडायला लागली. शुक्रवारी खोकं तयार झालं. गोल कडा, मधाच्या रंगाचं पॉलिश, मागे नेमक्या वायरींपुरत्या चौकोनी खिडक्या. बाबांनी प्रत्येक सांध्यावर पट्टी फिरवली. कुठेच शिरली नाही.

शनिवारी ठमीने चष्म्याच्या फ्रेमचा बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळे भाग आत बसवले. कार्ड तळफळीला अगदी चिकटून बसलं. बटण दाबलं, दिवा लागला, पडदा उजळला, आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत नाचली. बाबांनी उगाचच टेबल पुसलं.

विसाव्या मिनिटाला पडद्यावरचं गवत अडखळलं. मग सगळा अंधार. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अंधार. झाकण काढून पाहिलं, तर पाच मिनिटं जास्त टिकलं, एवढंच. ठमीने तळफळीवर हात ठेवला तर ती नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखी गरम. तिने काकांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

काकांनी आधी पंखे कुठे लावलेत ते विचारलं. ठमीने सतरावी यादी पाहिली, आणि खोडलेली ओळ त्यांना वाचून दाखवली.

"बरं, मिस्त्री, हवा कुठून जाते?" काकांनी विचारलं.

"कुठूनच जात नाही," बाबा अभिमानाने म्हणाले.

मग काकांनी शांतपणे समजावलं, की कार्डाला पोटाखालून थंड हवा ओढावी लागते आणि तापलेली बाहेर टाकावी लागते. खोक्याला पुढे भोकं हवीत, मागे हवीत, कार्डाखाली जागा हवी आणि दोन पंखे हवेत. ठमीकडे पंख्यांपुरतेही पैसे उरले नव्हते. ती यंत्राची वायर काढायला उठली, आणि तिला रडू आलं. फळ्यांना भोकं पाडा असं बाबांना सांगायला तिची जीभ रेटेना.

रविवारी सकाळी बाबा हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडले. परत आले ते दोन पंखे घेऊन. काकांच्या ड्रॉवरचा आडमुठेपणा त्यांनी तासाभरात घालवला होता, आता तो करंगळीने उघडत होता, आणि बदल्यात काकांनी मोडीत आलेल्या एका यंत्रातले पंखे काढून दिले होते. ते चालतात, हे काकांनी दोनदा सांगितलं होतं.

मग ठमीने आतले भाग काढून दिले आणि बाबा खोक्यासमोर बसले. बराच वेळ नुसतेच बसले. आयुष्यभर या माणसाने फटी बुजवल्या होत्या. लोक त्यांच्या कपाटाचं दार लावून आवाज ऐकायचे, इतकं ते घट्ट बसायचं. ठमीला वाटलं सांगावं, राहू द्या बाबा, पुढच्या वर्षी बघू. तिने तोंड उघडलंही.

"गुण्या दे," बाबा म्हणाले.

तिने काटकोन आखायचं ते हत्यार दिलं. बाबांनी पेन्सिलीने बारीक चौकटी आखल्या, ड्रिल लावलं, आणि पहिलं भोक पाडताना डोळे मिटले. दुसऱ्यापासून उघडे ठेवले. पुढे बारा रांगा, मागे बारा, एकाही भोकाची जागा चुकली नाही. तळफळी कार्डाखाली कापून काढली आणि खोक्याला चार पाय लावले. सगळे भाग परत आत घालून पंखे बसवले तेव्हा घड्याळात पावणेचार वाजले होते.

चार वाजता ठमीने कानाला हेडफोन लावले, आणि दादाचा आवाज आला. त्याने तिच्या मशीनमध्ये काय काय आहे ते विचारलं आणि तिने एका दमात सगळी यादी म्हणून दाखवली. खेळ सुरू झाला. डोंगर, नदी, आणि पातं न् पातं हलणारं गवत. दोघं पळत सुटली. पंधरा मिनिटं झाली. अठरा. विसाव्या मिनिटाला तिने श्वास रोखून धरला.

गवत अडखळलं नाही. पंचविसाव्या मिनिटालाही नाही. ठमीचा जीव भांड्यात पडला.

"बाबा कुठेत?" दादाने विचारलं.

"खोक्याच्या मागे उभे आहेत," ठमी म्हणाली. "पट्टी धरून."

नऊ वेळा नापास झालेल्या माणसाला त्या पट्टीचं नाव पुरतं. मग हळूच त्याने विचारलं, "काय निकाल?"

ठमीने एक कान मोकळा करून प्रश्न बाबांना सांगितला. बाबांनी पट्टी मागच्या भोकांपुढे आणखी थोडा वेळ धरली. कागदाचं टोक गरम हवेत फडफडत होतं, थांबत नव्हतं. बाबांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते तिने त्यांच्या कुठल्याही कपाटापुढे पाहिलं नव्हतं. ते पुढे आले आणि माइकमध्ये वाकून म्हणाले, "कागद हलतोय. पास."

दादा मोठ्याने हसला, आणि हसण्याच्या नादात मागे पडला. समोर दरी आली होती. ठमी ती ओलांडून केव्हाच पलीकडे पोचली होती.

"ठमे, थांब जरा," तो म्हणाला. "कुठे पळायचंय ते तरी सांग."

"माझ्यामागून ये," ठमी म्हणाली. "आणि मी सांगितलं की उडी मार."