सिस्टर लुएलाचा काळा मार्कर आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी, सोज्वळ, ऐतिहासिक प्रेमकथा आहे. हसू नका. माझे कोपरे दुमडलेत, कण्यावर कॉफीचा डाग आहे, आणि कव्हरवर गव्हाच्या शेतात एक सोनेरी केसांची बाई उभी आहे. आत, गोष्टीत, तिचेच केस काळेभोर आहेत. चित्र काढणाऱ्याने मला वाचलंच नव्हतं. पुढे माझ्याबद्दल ज्यांनी ज्यांनी तोंड उघडलं, त्यातल्या बहुतेकांनीही वाचलं नव्हतं, म्हणून त्या बिचाऱ्याला मी माफ केलंय. बाकीच्यांना नाही.

मला लिहिलं कॅन्ससमधल्या एका बाईंनी. शेळ्या पाळायच्या, आणि प्रत्येक प्रकरणाआधी प्रार्थना करायच्या. माझी गोष्ट अगदी साधी. एझ्रा नावाचा विधुर, त्याची गुरं. नोरा नावाची शिक्षिका. मग हिमवादळ, अडलेली गाय, भरपूर बायबल आणि शेवटी लग्न. चुंबन एकच, तेही पाद्रीबाबांच्या देखत. याहून स्वच्छ राहायचं तर कोरा कागदच व्हायला हवं होतं.

माझी पहिली मालकीण वारली. तिच्या मुलींनी मला खोक्यात भरलं आणि इंडियानातल्या ओटर फोर्क गावच्या चर्चला देऊन टाकलं. चर्चच्या तळघरात, कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारी दोन कपाटं होती. तीच लायब्ररी. तिची किल्ली सिस्टर लुएला प्रूइटच्या गळ्यात असायची. सिस्टर म्हणजे जोगीण नव्हे, या चर्चमध्ये सगळ्याच बायकांना तसं म्हणतात; ही बाई जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. मुलांच्या ताटाकडे बघायची तशीच ती पुस्तकांकडे बघायची: यातलं काय बाधेल?

दान आलेलं प्रत्येक पुस्तक ती आधी स्वतः वाचायची, हातात जाड काळा मार्कर घेऊन. मग कव्हरच्या आत आपलं मत चिकटवायची. माझ्या शेजाऱ्यांवरची तिची मतं मी रोज वाचायचो.

'नायिका चांगली आहे, पण रविवारी कपडे वाळत घालते.'

'चुंबनं दोन. दुसऱ्याची गरज नव्हती.'

'श्रद्धा आहे, पण मिरपुडीसारखी वरून भुरभुरवलेली.'

'प्रवचनं उत्तम. मध्येमध्ये गोष्ट येते, त्याने व्यत्यय होतो.'

माझ्यावर तिने लिहिलं: 'गायीचं प्रकरण फारच तपशीलवार. दुरुस्त केलंय. आता कुणीही वाचावं.'

दुरुस्त म्हणजे काय, ते ऐका. माझ्यात नोरा एझ्राला भाजलेल्या कोंबडीची छाती वाढते. लुएलाला तो शब्द खपला नाही. मार्कर जाड होता, हात थरथरता होता, त्यामुळे छातीबरोबर कोंबडीही गेली. उरलं ते असं: 'नोराने लाजत ▇▇▇ त्याच्यापुढे केली. "किती मऊ आहे," तो म्हणाला.'

हिमवादळात एझ्रा आपल्या कोटाची बटणं काढतो आणि कोट तिच्या खांद्यांवर टाकतो. बटणं गेली, खांदे गेले, कोटही गेला. आणि गायीचं प्रकरण? दोघं मिळून वासरू ओढून काढतात, एवढंच आहे हो त्यात! दुरुस्तीनंतर ते असं झालं: 'दोघं तासन्‌तास ▇▇▇ आणि शेवटी घामाघूम होऊन गवतावर पडले. "देवाची कृपा," नोरा म्हणाली.'

मला पहिल्यांदा नेलं इडा मेने. वय नव्वदीच्या घरात, पुढे चाकांचा वॉकर, वॉकरला तारेची टोपली. बुधवारच्या सामुदायिक जेवणाला ती मला परत घेऊन आली आणि अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "लुएला! इतके दिवस कुठे लपवलं होतंस गं हे?"

"लपवायचं काय त्यात? स्वच्छ पुस्तक आहे."

"स्वच्छ? अगं, तो एझ्रा गोठ्यात काय काय करतो!"

"वासरू काढतो, इडा मे!"

"वासरासाठी कुणी एवढं खोडतं का? मी म्हातारी आहे, खुळी नाही."

झालं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कधी कुणाच्या पर्समध्ये, कधी गाणाऱ्या बायकांच्या गाण्याच्या फाइलमध्ये. दोघीतिघी मला खिडकीशी धरायच्या, काळ्या पट्ट्यांमागचं दिसतंय का बघायच्या. "हा शब्द लांब आहे." "लांब आहे म्हणजे तोच!" नळ दुरुस्त करणारा थोराडसा माणूस होता, ज्याने बायबलखेरीज फक्त बियाण्यांची जाहिरातपत्रकं वाचली होती, तोही मला जॅकेटात घालून घेऊन गेला. कौतुक झालं म्हणता? कसलं कौतुक! मला कुणी वाचतच नव्हतं. माझ्यातली भोकं वाचत होते. आणि त्या भोकांत त्यांनी जे भरलं, ते ऐकून कॅन्ससच्या त्या शेळ्यासुद्धा लाजल्या असत्या.

लुएलाच्या किल्लीवर डोरीन स्टकीचा डोळा फार दिवसांपासून होता. तिने मला उचललं आणि सरळ पास्टर ग्लेनच्या टेबलावर आपटलं. "लायब्ररीत घाण शिरलीय," म्हणाली. पुढच्या रविवारी, जेवण झाल्यावर, सगळ्यांना तळघरात बसवलं. प्रश्न सरळ होता. मी घाण ठरलो, तर मागच्या अंगणातल्या कचरा जाळायच्या पिंपात माझी रवानगी, आणि किल्ली डोरीनच्या गळ्यात. पिंप खिडकीतून दिसत होतं. त्यातून धूर येत होता. माझी काय अवस्था झाली असेल, विचार करा.

पास्टर ग्लेन भला माणूस, भांडणाला भिणारा. लिंबाच्या वड्यांची बशी त्याने मध्ये ठेवली, म्हणजे तोंडं गोड राहतील. नाही राहिली.

"सिस्टर लुएला," तो म्हणाला, "या पट्टीखाली काय आहे, तेवढं सांगून टाका."

"चर्चमध्ये नाही सांगणार."

"बघा!" डोरीन उसळली. "सांगवतसुद्धा नाही हिला!"

"माझं तोंड आहे डोरीन, तुझ्यासारखं गटार नाही."

"सिस्टर, कृपा करून..."

लुएला लालबुंद झाली. मग छताकडे बघत, जणू दाढ उपटून घेतेय अशा आवाजात म्हणाली, "छाती."

तळघर हुंकारलं.

"कुणाची?" डोरीनने विचारलं.

"कोंबडीची!"

आधी कुणालातरी ठसका लागला, मग नळवाला हसला, मग सगळेच. लुएलाला पानापानावरचं सांगावं लागलं. बटणं? कोटाची. तासन्‌तास काय? वासराचे पाय ओढत होते. बिछान्यावर कोण होतं? आजारी आजोबा! प्रत्येक उत्तराला हशा कमी होत गेला आणि चेहरे उतरत गेले. मागून एक बाई कुरकुरली, "एवढंच? यासाठी मी वाट बघत होते?" मी मनात म्हटलं, सुटलो. मी बेचव ठरलोय, आणि बेचव वस्तू कुणी जाळत नाही.

तेवढ्यात डोरीनला शेवटून तिसरं पान सापडलं. तिथे एक शब्द नाही, अख्खा परिच्छेद काळा होता. मार्कर दोनदा फिरवलेला.

"आणि हे?" तिने मला उंच धरलं. "एवढी मोठी कोंबडी?"

सगळे पुढे सरकले. लुएला मात्र बसली.

"ते राहू दे."

"किल्ली काढ मग."

"डोरीन, ते राहू दे म्हणते ना!"

"बोल, नाहीतर किल्ली काढ!"

लुएला उठली. पान हातात घेतलंच नाही. हात दोन्ही बाजूंना सोडून, शाळेतल्या पोरीसारखी, एका दमात म्हणाली:

"एझ्रा बायकोच्या थडग्यापाशी गुडघे टेकून बसला आणि आभाळाकडे बघून म्हणाला, ती तुला हाका मारत होती. मी ऐकल्या. तू बहिरा आहेस, की तुला सवड नव्हती? मला तुझ्या घरी बोलवू नकोस. मी येईन, पण गाणार नाही."

कुणी वडीला हात लावला नाही. पास्टरने चष्मा पुसला.

"हे... हे तर कोंबडीपेक्षा वाईट आहे," डोरीन म्हणाली.

"म्हणूनच खोडलं होतं!" लुएला ओरडली.

"बरोबरच केलंस."

त्या दोघींचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, आणि तेही माझ्या जिवावर! गोठ्यातल्या घामासाठी ज्यांनी रांगा लावल्या होत्या, त्यांना एका विधुराचा देवावरचा राग सोसवेना. किल्ली लुएलाकडेच राहिली. पास्टर म्हणाला, "मग पिंपात टाकू या." आणि नळवाला मला घेऊन दाराकडे निघाला.

इडा मेने वॉकर आडवा घातला. माझा कोपरा धरला, खस्सकन ओढलं आणि मला टोपलीत टाकलं.

"माझ्या नवऱ्याला, वेंडेलला, पुरलं तेव्हा मी याहून वाईट बोलले होते," ती म्हणाली. "शिव्यासुद्धा घातल्या. देवाने ऐकून घेतलं. तुम्हाला का एवढ्या मिरच्या झोंबतात? ज्याला जाळायचंय त्याने माझ्या टोपलीतून काढून घ्यावं. या! कोण येतं?"

चर्चमध्ये नव्वदीच्या म्हातारीशी झोंबाझोंबी करायला कुणी पुढे आलं नाही.

"आणि लुएला, तू! तो परिच्छेद मला हवाय. तू तो बुजवलास, आणि पाठ फक्त तुला आहे. दर गुरुवारी घरी यायचं आणि म्हणून दाखवायचा."

"मी नाही येणार."

"ये. जेवायचं काहीतरी घेऊन ये."

आता मी इडा मेच्या टेबलावर असतो, तिच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी. मित्रांनो, माझी हात जोडून विनंती आहे. पुस्तक आवडलं नाही तर खुशाल नाक मुरडा, शिव्या घाला, अर्ध्यात मिटून परत करा. आम्हाला सवय आहे. पण आमच्या तोंडाला काळं फासू नका. आमचं जे तुम्ही बुजवता, ते आम्ही परत कधीच बोलू शकत नाही. मग ते तुम्हालाच सांभाळत बसावं लागतं.

लुएला दर गुरुवारी येते. भट्टीत भाजलेल्या माशाच्या कॅसरोलचं भांडं आदळते, माझ्याकडे बघून तोंड वाकडं करते, मीही मनात तिला दोन शब्द सुनावतो. आमचं जमलेलं नाही, जमणारही नाही. ती घड्याळ बघते, उभी राहते आणि तो परिच्छेद म्हणते, एकही शब्द न चुकता. मागच्या गुरुवारी इडा मे पहिल्याच ओळीला झोपली, घोरायलासुद्धा लागली. लुएलाने ते पाहिलं. पर्स उचलली. दारापर्यंत गेली. मग परत आली, दार लावून घेतलं, आणि खिडकीकडे तोंड करून सगळा परिच्छेद पहिल्यापासून म्हणाली, चांगला मोठ्याने.