अर्धी गोळी

आप्पांनी हयात नळ जोडण्यात घालवली. भिंतीला कान लावला की आत पाणी कुठे झिरपतंय ते त्यांना कळायचं. गिऱ्हाइकांना ते ठणकावून सांगायचे, "गळती झाकून ठेवू नका. आज ओल, उद्या भिंत खाली." पण त्याच आप्पांनी स्वतःच्या घरात चार दिवस एक गोष्ट झाकून ठेवली, आणि शनिवारी सकाळी ती त्यांच्या अंगाशी आली.

घरात पिपाणी नावाची सहा वर्षांची कुत्री होती. आवाज अगदी बारीक, म्हणून नातीने ते नाव ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी सुनेने तिच्या नसबंदीची तारीख ठरवली होती. आप्पांनी परस्पर फोन करून ती रद्द केली. "मुक्या जिवाला एकदा तरी आई होऊ दे," ते म्हणाले, "काही झालंच तर मी आहे ना!" सून एवढंच बोलली, "बघा हं आप्पा. पुढे गर्भाशयाचा त्रास होऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलंय." पिल्लं काही झाली नाहीत.

सोमवारपासून पिपाणी पाण्याचं भांडं भरलं की रिकामं करायला लागली. मंगळवारी फरशीवर तपकिरी डाग दिसला, त्याला घाण वास येत होता. सून आंघोळीला गेली होती. आप्पांनी जुन्या बनियनने डाग पुसला आणि बनियन कचऱ्याच्या पिशवीत तळाला कोंबलं. बुधवारी पुन्हा तेच, गुरुवारी पुन्हा तेच. दर वेळी ते मनाशी म्हणायचे, उद्या बघू, बरी होईल. शुक्रवारी संध्याकाळी ती कण्हायला लागली, तेव्हा त्यांनी आपल्या गुडघ्याच्या गोळीचा अर्धा तुकडा पावात दाबून तिला चारला. माणसाचं दुखणं थांबतं, तर तिचं का नाही थांबणार?

शनिवारी ती उठलीच नाही. सुनेने तिच्या पोटाला हात लावला आणि नवऱ्याला हाक मारायला वळली, पण तो कामासाठी दोन दिवस बाहेरगावी होता. नातीला शेजारी सोडून तिने पिपाणीला चादरीत गुंडाळलं. टॅक्सीत आप्पा पुढे बसले. मागे वळून बघायचं धाडस त्यांचं झालं नाही.

दवाखान्यातल्या टेबलावर पिपाणी एका कुशीवर पडून राहिली. डॉक्टरीणबाईंनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, पोट हलकेच दाबलं, मग सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. पडद्यावर काळ्या, फुगलेल्या नळ्या दिसल्या.

"गर्भाशयात पू भरलाय," त्या म्हणाल्या. "गर्भाशय आणि बीजकोश आजच काढावे लागतील. ते फुटलं तर पू पोटभर पसरेल. अंगावरून काही जात होतं का?"

"नाही," सून म्हणाली. "फरशी रोज मीच पुसते, मला दिसलं असतं."

"तहान?"

"कालपासून असेल."

"दुसरं काही औषध दिलंय?"

"नाही."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'नाही' लिहिलं. लिहू देत, आप्पांना वाटलं, अर्ध्या गोळीने असं काय होणार? पण सून संमतीच्या कागदावर सहीसाठी वाकली. "भूल देताना जिवाला धोका असू शकतो," असं कागदावर लिहिलेलं तिने मोठ्याने वाचलं, आणि तिचा आवाज मध्येच चिरकला.

"थांब," आप्पा म्हणाले. "सही करू नकोस."

दोघी त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"अंगावरून जातंय. मंगळवारपासून. मीच पुसत होतो." त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "आणि काल संध्याकाळी यातली अर्धी गोळी दिलीय."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी घेऊन नाव वाचलं. मघाच्या 'नाही'वर त्यांनी आडवी रेघ मारली.

"आजोबा, ही गोळी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला बाधते. आधीच अंगात विष भिनलंय." त्या मदतनीस बाईंकडे वळल्या. "रक्त घ्या, मूत्रपिंडाची तपासणी लगेच. सलाईन सुरू करा. दुखण्याचं नेहमीचं इंजेक्शन द्यायचं नाही, दुसरं काढा." मग पुन्हा आप्पांना, "सांगितलंत ते बरं केलंत. उशिरा का होईना."

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. मध्ये एका माणसाची जागा सुटली होती. समोर एक बाई मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. टोपलीतून सारखं म्यॅव म्यॅव चाललं होतं. एका तासाने मदतनीस बाई बाहेर येऊन सांगून गेल्या, "आता आत नेतोय." दार बंद झालं.

सून समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, 'मी सांगितलं होतं ना!'"

"म्हणालेच असते! दहा वेळा म्हणाले असते. मग? बोललेच असते ना, खाल्लं तर नसतं तुम्हाला!"

"चुकलो," आप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द सुनेने बारा वर्षांत ऐकला नव्हता. तिने डोळे पुसले, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

घड्याळाचा काटा हलता हलत नव्हता. दाराआड काही खणकलं की आप्पा मान वर करायचे. दोनदा ते उठून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा सून म्हणाली, "बसा आप्पा. तुमच्या चकरांनी मलाच चक्कर येईल."

शेवटी डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या. "फुटलं नव्हतं. सगळं अख्खं निघालं. पण पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. लघवी नीट झाली आणि रक्तातला मूत्रपिंडाचा आकडा उतरला, तरच सुटली म्हणायचं. तोवर ती इथेच राहील."

रविवारी मुलगा परतला. सून काही बोलायच्या आत आप्पांनी स्वतःच त्याला सगळं सांगितलं, बनियनसकट. मुलगा उठून नातीच्या खोलीत निघून गेला. नातीने मात्र सरळ विचारलं, "आप्पा, ती मरणार?" त्यांना "नाही" म्हणायचं होतं. "माहीत नाही गं," ते म्हणाले.

सोमवारी दुपारी फोन आला. लघवी चांगली झाली होती, आकडा उतरला होता.

पिपाणी घरी आली ती, टाके चाटू नयेत म्हणून, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून. दाराला, खुर्चीला, सगळ्यांच्या पोटऱ्यांना ते आपटत ती कोपऱ्यात जाऊन बसली. पोटावर लांब टाके होते. आप्पा मऊ भाताची वाटी घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसले. गुडघा ठणकत होता. त्यांनी बोटांवर भात घेऊन पुढे केला. तिने वास घेतला आणि तोंड फिरवलं. त्यांनी पुन्हा केला. पुन्हा तेच.

"आणा इकडे," म्हणत सून शेजारी बसली आणि तिने वाटी घेतली. तिच्या बोटांवरचा भात पिपाणीने हळूच चाटला. मग दुसरा घास, मग तिसरा.

आप्पांच्या मनाला जरा लागलं. पण ते उठले नाहीत. नरसाळ्याच्या कडेला चिकटलेली शितं एकेक करून काढत तिथेच बसून राहिले.