सुभद्राबाईंच्या लघवीतला पारा

हळ्ळीखेडच्या सुभद्राबाईंचे पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, तेव्हा सून मंगल त्यांना बीदरला घेऊन आली. लघवीतून प्रथिनं जात होती. मधुमेह नव्हता, रक्तदाबही ठीक होता. कारण सापडेना, म्हणून डॉक्टरांनी पाऱ्याची तपासणी लिहून दिली.

"पारा कुठनं येईल?" मंगल म्हणाली. "आमच्या घरी ताप बघायची नळीबी न्हाई."

बीदरमधल्याच नौबादच्या एका प्रयोगशाळेत दीपमाला नमुने घेते. तिने प्लास्टिकची बाटली दिली. सकाळची पहिली लघवी, थेट बाटलीत. नमुना हैदराबादला गेला आणि आठ दिवसांनी आकडा आला: ६८. पाचच्या आत हवा होता.

दीपमालाने दोघींना विचारलं, "भस्म, जडीबुटी, गोरं व्हायचं क्रीम, काही घेता, लावता?"

"बासष्ट वर्सं झाली मला," सुभद्राबाई फटकन म्हणाल्या. "क्रीम कामून लावू?"

मंगलने खालच्या आवाजात कबूल केलं. ती दोन वर्षांपासून लावत होती. बाजारातली, कुणी बनवली ते न लिहिलेली डबी; अशा क्रीममध्ये पारा घातलेला असतो. तिचाही नमुना पाठवला. १४०. तिला त्रास मात्र काहीच नव्हता.

आकडा ऐकून ती रडू लागली. "माझ्यामुळंच आत्याला झालं. एकाच टॉवेलला तोंड पुसतो आम्ही."

टॉवेलातूनही पारा जातो, पण इतका? दीपमालाने तिला बाहेर बसवलं आणि दार लोटलं.

"मावशी, खरं सांगा. पुढचं औषध त्यावरच ठरणार."

सुभद्राबाईंनी पदर पुढे ओढला. "ती शेताला गेली की लावत व्हते. लगीन झाल्यापासून सासरी काळी म्हणूनच हाक मारली मला. म्हटलं, मरायच्या आधी एकदा बघावं, कसं दिसतंय."

"दिसलं?"

"व्हय. जरासं."

त्या सुजल्या पायांनी उठून दारापर्यंत गेल्या. "मंगल, उगं रडू नको. तुझी डबी मीच चोरून लावायले."

मंगलने डोळे पुसले. "मागितली असती तर दिली असती की, आत्या."

क्रीम बंद झालं, सुभद्राबाईंना औषध सुरू झालं. चार महिन्यांनी आकडे आले: १७ आणि ३५. सूज उतरली, फेस गेला. दोघींचे चेहरे पूर्वीसारखे सावळे झाले. सुभद्राबाईंना त्याचं वाईट वाटलं, आणि तसं त्यांनी दीपमालाला सांगितलंही.

त्या दिवशी त्यांच्यासोबत गल्लीतल्या दोन बायका होत्या.

"ह्याबी लावतेत," सुभद्राबाई म्हणाल्या. "इचारलं तर न्हाई म्हणतील. तू बाटल्या दे."