तांबूचा गोऱ्हा

मी तांबू गाईचा गोऱ्हा बोलतोय. दचकू नका. मला मरून बरीच वर्षं लोटली. वरचं कातडं तेवढं माझं आहे. आत भरलंय ते दुसऱ्याचं.

दिल्लीच्या कडेला द्वारकेचे सेक्टर नुकतेच उभे राहत होते, तेव्हा तिथल्या एका गावाच्या कडेला मी जन्मलो. आमचे मालक गुलाबराव मूळचे साताऱ्याकडचे. पलटणीतून निवृत्त झाल्यावर दिल्लीतच राहिले आणि गाई पाळू लागले. मी जमिनीवर पडताच त्यांनी माझं शेपूट उचलून पाहिलं.

"छ्या! गोऱ्हाच."

"अहो, आत्ता आलाय तो. तोंड तरी बघा," त्यांच्या पत्नी वासंतीबाई म्हणाल्या.

"तोंड बघून काय करू? नांगराला ट्रॅक्टर आला, गाई फळवायला डॉक्टरची सुई आली. याला काय परेडला उभा करू?"

पूर्वी आमच्या गाई गायरानात चरत. अंगावरच्या गोचिडी बगळे, साळुंक्या टिपून नेत. मग गायरानाला पत्रे ठोकले गेले आणि पत्र्यांवर इमारतींची रंगीत चित्रं लागली. गाई दिवसभर गोठ्यात, गोचिडी भिंतींच्या भेगांत. त्या काळात चांगलं बिऱ्हाड मिळालं ते फक्त त्यांना.

गोचिडींचं औषध आलं, ते दुभत्या गाईंना लावलं. माझ्यापाशी येऊन गुलाबरावांनी डब्याचं झाकण लावलं. "बस, हो गया. याला पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेआधीच मला ताप भरला. लघवी कोऱ्या चहासारखी लाल झाली, उभं राहवेना. वासंतीबाई माझ्या अंगावर ओलं पोतं टाकून बसून राहिल्या. मी त्यांच्या मांडीवर मान टाकली, ती पुन्हा उचलली नाही.

आईने पान्हा चोरला. नव्या सोसायट्यांना दूध तर हवंच होतं. गुलाबरावांनी माझं कातडं सोलवून आणलं, मीठ चोळून वाळवलं, आत भुसा भरला. टाके वासंतीबाईंनी घातले. मला आईच्या तोंडापुढे उभं केलं. ती मला चाटू लागली आणि मागे बादलीत धार वाजली.

"बघ, कशी फसली!" गुलाबराव हसले.

"फसली नाही हो. तिला कळतंय. कळूनही चाटते."

गुलाबरावांनी बादली उचलली. त्या दोघांची लहानगी लेक रेवती माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी अशीच तापाने गेली होती. तिचे कपडे ट्रंकेत होते. ट्रंक उघडली की वासंतीबाई बराच वेळ खोलीबाहेर येत नसत.

हिरवा चारा दिसेनासा झाला. आईची हाडं वर आली. ती माजावर येईना, आली तरी सुई देऊन उलटायची, गाभण म्हणून राहत नव्हती. एका सकाळी मला चाटताना तिच्या जिभेला सुटलेला टाका लागला. तिने भुसा ओढला. खाल्ला. पुन्हा ओढला. माझं पोट रिकामं होईपर्यंत ती खात राहिली आणि मग उरलेलं कातडं चाटू लागली. मी तिला दोष देत नाही. भूक तिची एकटीची नव्हती, पण दावं तिच्याच गळ्यात होतं.

"आता चिंध्या भर. त्या नाही खाणार," गुलाबराव म्हणाले.

वासंतीबाई आतून कपडे घेऊन आल्या. छोटा फ्रॉक, स्वेटर, कानटोपी. गुलाबराव बघतच राहिले.

"अगं, या चिंध्या आहेत का?"

"ट्रंकेत नुसता डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. इथे निदान कुणी माया करेल."

त्यांनी टाके घातले, या वेळी अगदी बारीक. आई मला तशीच चाटत राहिली.

पण गाभण न राहणारी गाय किती दिवस ठेवणार? बहादूरगडचा एक माणूस टेम्पो घेऊन आला. आईला वर चढवल्यावर त्याने माझ्याकडे बोट केलं. "फौजी साहब, बच्चा भी साथ दे दो. इसके बिना दूध नहीं उतारेगी."

"ले जाओ," गुलाबराव म्हणाले.

वासंतीबाईंनी मला उचलून छातीशी धरलं. "नाही. गाय न्या."

"अगं, तिचंच वासरू आहे ते!"

"माहीत आहे मला."

टेम्पोचा फळका लागला. आई हंबरत होती. टेम्पो दिसेनासा झाला तरी ऐकू येत होतं. वासंतीबाईंनी दार लावून घेतलं.

आता गोठा नाही. त्याच्या जागी मोटारी उभ्या असतात. मी फ्लॅटमध्ये, वासंतीबाईंच्या पलंगाशेजारी असतो. कातड्याला कीड लागली आहे. त्या रोज ब्रश फिरवतात, मग हात फिरवतात. पण तो हात माझ्यासाठी नसतो. तो माझ्यातून आत, त्या स्वेटरपर्यंत पोचायला बघतो. आई पुढे कुठे गेली, हे या घरात कुणी विचारलं नाही.

वासंतीबाई, गाईला कळतं असं तुम्हीच म्हणाला होतात. मग एवढं करा. टाके उसवा. तुमचं आहे ते तुम्ही ठेवा. कातडं मात्र तुमचं नाही, माझ्या आईचं आहे.