घंटी वाजली का?

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवळातली नव्हे बरं. ती मोठ्या घरची, तिला फुलं वाहतात, तिचा टोल ऐकून लोक हात जोडतात. मी बैलाच्या गळ्यातली, फार तर पेरूएवढी. पण माझा आवाज खणखणीत आहे आणि बोलायला लागले की मी लवकर थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते. उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं लोक माझ्याबद्दल म्हणायचे. खरंच आहे ते. घंटीला दुसरं येतं तरी काय?

भंडाऱ्याच्या एका कासाराने मला ओतलं. माझ्या पोटात लोलक बांधल्यावर त्याने मला कानाशी धरून हलवलं, "हं, बोलते," एवढंच म्हणाला आणि टोपलीत टाकलं. ती टोपली महाशिवरात्रीला आमच्याकडच्या प्रतापगडच्या यात्रेत आली. तिथे पुरनलाल नावाच्या पोवार शेतकऱ्याने मला आपल्या चांद्या बैलासाठी विकत घेतलं. चांद्या मोठा रुबाबदार बैल होता. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखलणी करताना तो मान हलवायचा आणि मी दिवसभर वाजायचे. माझ्या आवाजाला बांधीतले सारससुद्धा सरावले होते, उडत नसत. पुढे पुरनलालच्या दारात ट्रॅक्टर आला. चांद्या म्हातारा होऊन गेला आणि मी गोठ्याच्या खुंटीवर लटकत राहिले. माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली. कोणी हलवायला नसलं, की घंटीला आपण जिवंत आहोत की नाही तेही कळत नाही.

एके दिवशी बकाराम नावाचा ढिवर पुरनलालच्या घरी मासे घेऊन आला. त्याची नजर माझ्यावर गेली.

"पुरनलालभाऊ, हे घंटी मले द्या."

"तुह्याकडे बैल कुठं आहे गा?" पुरनलालने हसून विचारलं.

"बैल नाही, पन तलाव आहे न," बकाराम म्हणाला.

पुरनलालला काही उमगलं नाही, पण तो दिलदार माणूस होता. त्याने मला खुंटीवरून काढलं आणि बकारामच्या हातात ठेवलं. "घेऊन जा. पन पोळ्याले तिले चिंच लावून घासजो. बैलाची वस्तू आहे," एवढीच अट त्याने घातली.

आता तलावावर घंटीचं काय काम, ते ऐका. मासा पाण्यात श्वास घेतो, पण कासवाला आणि पाणमांजराला श्वासासाठी वर यावं लागतं. ही दोन्ही जनावरं कायद्याने राखलेली आहेत, त्यांना मारायचं नसतं. पण पाण्यात उभ्या लावलेल्या जाळ्याला कायदा कुठला कळायला? जो येईल त्याला ते धरतं. त्यात अडकलेलं जनावर वर येऊ शकत नाही आणि थोड्याच वेळात गुदमरून मरतं. बकारामच्या जाळ्यात एकदा असंच एक मोठं कासव मेलं होतं.  "आपल्याले मासोळ्या पाहिजे. याचा जीव कायले पाहिजे?" असं तो कितीतरी दिवस बायकोला विचारत राहिला.

म्हणून त्याने एक युक्ती केली. जाळ्याची वरची दोरी ज्या बांबूच्या काठीला बांधलेली असे, त्या काठीच्या टोकावर त्याने मला टांगलं. जाळ्यात काही धडपडलं की काठी हलायची आणि मी बोलायचे. वारा आला तर मी नुसती किणकिणायचे. मोठा कतला मासा अडकला तर दोन झटके द्यायचे. आणि जनावर असलं तर थांबायचेच नाही. बकारामला माझी ही भाषा पाठ झाली होती. तिसरा आवाज आला, की हातातली भाकर ठेवून तो आपल्या लाकडी होडीत, डोंग्यात बसायचा.

मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. किती कासवं त्याने सोडवली! सोडताना प्रत्येकाच्या पाठीला पाणी लावून नमस्कार करायचा. एकदा फाटक्या कानाची एक पाणमांजर अडकली. बकारामने आपलं जाळं कापून तिला मोकळं केलं, तर तिने त्याच्याच अंगठ्याला कडकडून चावा घेतला. तो घरी येऊन सगळ्यांना अंगठा दाखवत हसत होता. "दात लावले बेटीनं. तेही ढिवरच आहे न, मासोळ्या धरूनच पोट भरते. जाळ्यात धरलं म्हनून तिले राग येनारच." जाळं शिवायला त्याला पुढे बरेच दिवस लागले. पण दर पोळ्याला तो मला काठीवरून काढून चिंचेने घासायचा आणि म्हणायचा, "बैल गेला, पन राखन चालू आहे." ते ऐकून मी फुलून जायचे.

मग बकारामच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. आधी पलीकडचा काठ दिसेना, मग डोंगा दिसेना, मग स्वतःचा हातही दिसेना. जाळं त्याचा मुलगा देवानंद लावू लागला. म्हातारा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली खाट टाकून बसे आणि कान माझ्याकडे लावून ठेवी. मी वाजले की तो हाक मारायचा, "देवा, जनावर आहे गा, जा लवकर." देवानंद जायचा. तोही वाईट पोरगा नव्हता, हे लक्षात ठेवा.

पण नुसत्या मासोळ्यांवर घर चालत नव्हतं. देवानंद जाळं लावून लोकांच्या बांधीत मजुरीला जाऊ लागला. एकदा तो नसताना मी वाजले. बकारामने हाका मारल्या, कोणी आलं नाही. तेव्हा तो आंधळा म्हातारा चाचपडत पाळीवरून उतरला, डोंगा ढकलायला गेला आणि गळ्याएवढ्या पाण्यात पडला. त्याची सून हर्षा तिथेच कपडे धूत होती म्हणून वाचला. त्या दिवसापासून देवानंदच्या मनात माझी धास्ती बसली.

त्याच हिवाळ्यात मासेमार संस्थेची बैठक पाळीवर भरली. वनखात्याचे एक साहेब आले होते. त्यांनी सांगितलं, की जाळ्यात चुकून राखीव जनावर अडकून मेलं, तर मासेमारावर गुन्हा होणार नाही. जिवंत असेल तर सोडायचं, मेलं तर कळवायचं. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? पोटासाठी जाळं लावणाऱ्या माणसाला न केलेल्या पापाची शिक्षा कशाला? नियम चांगल्या मनानेच केला होता.

साहेब गेल्यावर संस्थेचा कारभारी चुन्नीलाल देवानंदजवळ आला. त्याने काठीच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"देख भाऊ, ते घंटी काढून टाक."

"काऊन? बाबानं बांधली आहे ते."

"अगा, चुकून म्हनजे काय? माहीत नसताना झालं ते चुकून. घंटी वाजली म्हनजे तुले माहीत झालं. मंग साहेब विचारंल, ऐकू आली तं काऊन नाही गेला? तवा तू काय सांगशील? झाकली मूठ सव्वा लाखाची, भाऊ. ऐकलंच नाही तं जबाबदारी कायची?"

 देवानंदने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा मोहाखालच्या खाटेकडे. बापाने बांधलेली घंटी काढायला त्याचा हात धजेना. पण मी वाजले तर आंधळा बाप पुन्हा पाण्यात उतरेल, हेही त्याला दिसत होतं. माघ महिन्यातल्या एका सकाळी तो डोंग्यातून माझ्याजवळ आला, आपल्या जुन्या दुपट्ट्याचा एक तुकडा फाडला, त्याचा बोळा केला आणि माझ्या पोटात कोंबला. लोलक घट्ट आवळला गेला. त्याने काठी हलवून पाहिली. मी हलले, पण आवाज आला नाही.

त्या दिवशी आवाज ऐकू आला नाही, म्हणून बकारामने विचारलं, "देवा, घंटी वाजली का गा?"

"नाही, बाबा."

दुसऱ्या दिवशीही हेच. तिसऱ्या दिवशीही. म्हातारा इतका खूश झाला, की वाऱ्यावरची माझी किणकिणही थांबल्याचं त्याच्या ध्यानात आलं नाही. शेजारपाजारच्यांना सांगू लागला, "जनावरं शहानी झाली. जाळं ओळखू लागली." देवानंद मान खाली घालून जाळं झटकत बसायचा. आणि जाळ्यात एकेक कासव गुदमरताना मी काठीवरून सगळं पाहत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी रोज खात होते.

चैत्रात तलावाचं पाणी उतरलं. एका सकाळी देवानंद जाळं लावून कामावर गेला आणि थोड्या वेळाने माझी काठी जोरात हलली. खाली पाहिलं, तर फाटक्या कानाची तीच पाणमांजर. तिची दोन पिल्लं काठाच्या बेशरमीच्या झुडपात बसून तिची वाट पाहत होती. ती ओढत होती आणि मी माझ्या सगळ्या जोराने हलत होते. बकाराम पाळीवरच होता, मित्रांनो. माझ्याकडेच कान लावून बसला होता. हर्षाही जवळच होती. एक आवाज, फक्त एक आवाज माझ्या तोंडून निघाला असता, तर ती वाचली असती. तिने इतकी ओढ दिली की काठी वाकली आणि मीही पाण्यात गेले. तिचं तोंड माझ्या अगदी जवळ आलं. मग ओढ कमी झाली. मग काठी आपली आपण सरळ झाली आणि मी पुन्हा उन्हात आले.

देवानंद परत आला तेव्हा त्याने तिला जाळ्यातून सोडवून डोंग्यात घेतलं. त्याने तिला बेशरमीच्या मागे पुरलं आणि चुन्नीलालला जाऊन सांगितलं, "एक पानमांजर चुकून अडकलं."

"हो मंग, चुकूनच," चुन्नीलाल म्हणाला. ते वर कळवलं की नाही, मला ठाऊक नाही.

पिल्लं मात्र काठाकाठाने शीळ घालत फिरत होती. बकारामचे कान तिखट. तो विचारायचा, "देवा, हे पिल्लं ओरडून राहिली गा. याहिची माय कुठं गेली?" देवानंद म्हणायचा, "असंल इकडंतिकडं." काही दिवसांनी त्यांची शीळही बंद झाली.

पावसाळ्यात मासेमारी थांबली. काठीसकट मी घराच्या कोपऱ्यात उभी होते. धानाच्या रोवणीच्या गडबडीत देवानंद मला विसरला. पोळ्याचा दिवस आला आणि हर्षाने नेहमीप्रमाणे मला काठीवरून सोडून सासऱ्याच्या हातात दिलं, सोबत चिंचेची वाटी ठेवली. तिला काहीच माहीत नव्हतं.

बकारामने मला हातात घेऊन हलवलं. मी गप्प. त्याने पुन्हा हलवलं. मग बोट आत घातलं आणि बोळा हळूहळू बाहेर ओढला. तो कापडाचा तुकडा त्याने बोटांनी चाचपला, नाकाशी धरला. देवानंद दारात येऊन उभा राहिला होता.

"हा तुहा दुपट्टा होय न?"

"हो, बाबा."

"कवापासून?"

"माघापासून. तुम्ही पुन्हा पान्यात उतरले असते, बाबा. मले भेव वाटे. अन् चुन्नीलालभाऊ म्हने..." 

म्हाताऱ्याने त्याला शिवी दिली नाही की हात उगारला नाही. अंगठ्यावरच्या जुन्या दातांच्या खुणेवरून तो बोट फिरवत बसला. "त्या पिल्लाइची माय," तो म्हणाला. विचारलंही नाही त्याने, नुसतं म्हणाला. देवानंद रडायला लागला. मग बकाराम हळू आवाजात म्हणाला, "अन् मी साऱ्या गावाले सांगत फिरलो, जनावरं शहानी झाली म्हनून." त्याने मला चिंच लावली आणि घासायला घेतलं. त्या वर्षी तो मला फार वेळ घासत होता.

आता मी पुन्हा काठीच्या टोकावर आहे. पोटात बोळा नाही. देवानंद कामाला गेला तरी हर्षाला सांगून जातो आणि आता तीही डोंगा चालवायला शिकली आहे. वारा आला की मी किणकिणते. परवा एक कतला सापडला, तेव्हा दोन झटके दिले. तिसरा आवाज मात्र पोळ्यापासून आजवर माझ्या तोंडून निघालेला नाही. फाटक्या कानाची ती होती तोवर तलावावर पाणमांजरं होती. आता कोणाच्या नजरेला पडत नाहीत. काठावर कासवंही ऊन खायला येत नाहीत. मी वाजायला तयार आहे, पण मला हलवायला पाण्यात कोणी राहिलेलं नाही.

मित्रांनो, चूक कोणाकडूनही होते आणि चुकीला माफी असावी, असं मला आजही वाटतं. पण माफी मिळते म्हणून कोणी कानावर हात ठेवू नये. तुमच्या घरात, गावात, शाळेत कुठेतरी माझ्यासारखी एखादी घंटी असेलच. तिचा आवाज कधीकधी कामात खोळंबा करतो, नको वाटतो, कबूल. तरी तिच्या पोटात बोळा कोंबू नका. ती वाजली तर हातातलं काम ठेवून उठा. ती स्वतःसाठी कधीच वाजत नाही.

देवानंद रोज जाळं काढून पाळीवर येतो. मोहाखाली खाटेवर बसलेला म्हातारा त्याची पावलं ओळखतो आणि विचारतो, "देवा, घंटी वाजली का गा?"

"नाही, बाबा," देवानंद सांगतो. माघातही तो हेच सांगत होता. फरक एवढाच, की आता ते खरं आहे.