अपील संपेपर्यंत हसू नको

आमच्या घरात वर्षभर हसायला बंदी होती. नियम माझ्या ताईने केला आणि पहाराही तिनेच दिला. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, गारव्याची मला सवय आहे, पण त्या वर्षी ताईच्या घरात पाऊल टाकलं की खरंच हुडहुडी भरायची.

ताईच्या मुलीला आम्ही खारू म्हणतो. लहानपणी खारीसारखी दिसेल त्यावर चढायची, म्हणून. मोठी झाल्यावर मागच्या गल्लीतल्या एका पोराला तिने नकार दिला, आणि त्याने तिच्या तोंडावर अ‍ॅसिड फेकलं. डावा डोळा गेला. गाल आणि मान पुन्हा शिवता शिवता डॉक्टर थकले, ती थकली नाही. खालच्या कोर्टाने त्याला चौदा वर्षांची शिक्षा दिली. मी म्हटलं, चला, एक प्रकरण मिटलं. कसलं मिटतंय! दहा वर्षं आत काढल्यावर त्याचं अपील वरच्या कोर्टात सुनावणीला आलं.

तोपर्यंत खारू एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागली होती. गिऱ्हाईक तिच्याकडे बघून अवघडलं की ही स्वतःच म्हणायची, "घाबरू नका, मला चष्मा निम्म्या किमतीत पडतो." दुकानाच्या वाढदिवसाला कोणीतरी तिचा खदखदून हसतानाचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. तो थेट पोचला अपिलाच्या कागदांत. त्याखाली लिहिलं होतं की ही मुलगी आता कमावती आहे, आनंदात आहे, सर्वसामान्य आयुष्य जगते आहे, सबब आरोपीने भोगली तेवढी शिक्षा पुरेशी मानावी.

ते वाचून माझं टाळकंच सटकलं. मी तडक वकीलबाईंचं ऑफिस गाठलं.

"असं कुठे असतं का?" मी विचारलं. "पोरगी धडपडून उभी राहिली, त्याचं बक्षीस त्याला?"

वकीलबाई शांत बाई. "मामा, कायदा फक्त दोन टोकं सांगतो," त्या म्हणाल्या. "कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. मधलं सगळं न्यायाधीशांवर सोडलेलं असतं. मग ते त्याचं वय बघतात, त्याची म्हातारी आई बघतात, तुरुंगातली वागणूक बघतात, आणि हिचं किती नुकसान झालं तेही बघतात."

"म्हणजे हिचं नुकसान भरून आलं तर तो सुटणार?"

"सुटू शकतो. लगेच."

घरी येऊन मी हे सांगितलं, एवढं ताईला पुरलं. तो सुटला तर कुठे राहणार? मागच्या गल्लीत. त्या रात्रीपासून ताईची झोप उडाली, आणि आमचं हसू गेलं. खारूने फोटो काढून घ्यायचे नाहीत. रंगीत कपडे घालायचे नाहीत. दारात उभं राहून शेजारणीशी खिदळायचं नाही. दुकानात चष्म्याच्या काचा घासणारा एक गुणी मुलगा तिला मनापासून आवडला होता, आणि नीट विचार करूनच तिने त्याला लग्नाला होकार दिला होता. ते लग्नही लांबलं. ताईने त्या काचवाल्याला सरळ सांगितलं, "अपील संपेपर्यंत दिसू नकोस. तू दिसलास की ही हसते."

बिचारा वर्षभर पाठीमागच्या दाराने यायचा. सुखाला चोरासारखं घरात यावं लागतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

सुनावणीपर्यंत खारूने बाकी सगळं ऐकलं, एक सोडून. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात वकीलबाई चाचरत म्हणाल्या, "कोर्टात डोळ्यांत पाणी आलं तर अडवू नकोस. न्यायाधीशांवर परिणाम होतो."

"येणार नाही," खारू म्हणाली. "दहा वर्षं लोक माझ्याकडून तेच मागतायत."

"अगं, एवढ्यापुरतं!" ताई कळवळून म्हणाली. "तुझ्याच भल्यासाठी सांगतायत ना त्या!"

"आई, हसू ठेवलं बाजूला. आता रडूही त्यांनी सांगितलं तेव्हाच का?"

मायलेकी दोन दिवस बोलत नव्हत्या. मला दोघींचंही पटत होतं, म्हणून दोघींचीही बोलणी मीच खाल्ली.

सुनावणीला खारू वर्षभर कपाटात ठेवलेल्या पिवळ्या कुर्त्यात आली. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. समोरच्या वकिलाने तो फोटो वर धरला आणि गोड आवाजात म्हणाला, "साहेब, या चेहऱ्यावर दुःख दिसतं का? आम्हालाही तिच्या प्रगतीचा आनंदच आहे." मी जागेवरून उठलोच. काचवाल्याने माझा दंड धरून ठेवला, नाहीतर आमच्या घरातला दुसरा खटला तिथेच उभा राहिला असता.

दोघा न्यायाधीशांतले वयाने मोठे होते, त्यांनी फोटो मागून घेतला. बराच वेळ बघितला. मग चष्मा काढून विचारलं, "वकीलसाहेब, ही मुलगी अंथरुणाला खिळून राहिली असती, तर तुम्ही आपल्या अशिलाची शिक्षा वाढवून मागितली असती का?"

वकील हातातली फाइल उलटसुलट चाळायला लागला.

"नाही ना? मग ती उठली म्हणून कमी कशी मागता?"

निकाल मात्र त्या दिवशी दिला नाही. महिनाभर टांगून ठेवलं. त्या महिन्यात मी दोन फ्रिज दुरुस्त करायच्या ऐवजी बिघडवून ठेवले.

शेवटी ती तारीख आली. वाचन इंग्रजीत आणि भराभर चाललेलं. मला काही कळेना, मी नुसता वकीलबाईंच्या तोंडाकडे बघत बसलो. त्यांनी आधी डोळे मिटले, मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "अपील फेटाळलं. चौदा वर्षं कायम. तिने जे परत मिळवलं ते तिच्या कष्टाचं आहे, गुन्हेगाराला त्यात वाटा मागता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलंय."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. बाहेरच्या व्हरांड्यात आल्यावर ताईला हसू फुटलं. भिंतीला टेकून, पोट धरून, डोक्यावरून पदर घसरला तरी ती हसत होती. काचवाला हसत होता. वकीलबाईंनीसुद्धा दात दाखवले. येणारेजाणारे बघत होते, बघोत.

खारू मात्र बाकावर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. खांदे गदगदत होते, नाक वाहत होतं, चष्मा मांडीवर पडला होता. मी धावत गेलो.

"अगं वेडे, जिंकलो आपण! झालं सगळं!"

"माहितेय मामा." तिने बाहीने नाक पुसलं. "आता हे कुणाला दाखवायचं नाहीये ना? मग रडू दे."

मी तिच्याशेजारी बसलो आणि मलाही आवरेना. ताई समोर उभी राहून हसत होती, आम्ही दोघं बाकावर रडत होतो, आणि कुणी कुणाला गप्प बस म्हणालं नाही.