पदराची गाठ

गरम पाण्याचा तो भलामोठा टब बघून सासूबाई पहिल्यांदा काय म्हणाल्या, तर "एवढ्यात आपलं पुढच्या पाण्यापर्यंत निभलं असतं की गं."

सोलापूरच्या माणसाला समुद्र दाखवा नाहीतर टब दाखवा, तो मनात पिंपंच भरणार. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं तो पाण्याचा दिवस, आणि त्या दिवशी घरात लग्नघराची धांदल. गुहागरच्या अलीकडची ही समुद्राकाठची कॉटेज माझ्या नवऱ्यानं, आशिषनं, लेकीच्या हट्टापायी ठरवली होती. अंगणात लाकडी पायऱ्यांचा हॉट टब, समोर सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हातून सुटून यायचं आणि पुन्हा गरम पाण्यातच बसायचं, हे मला काही पटलं नव्हतं.

पण मी गप्प होते. मला सगळ्यांना खूश ठेवायचं होतं. जूनपासून बार्शीच्या एका शाळेत मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू होणार होते. सकाळच्या एसटीनं जायचं, दिवेलागणीला परतायचं. आशिष बँकेत. म्हणजे दिवसभर घर, गॅस आणि शाळेतून येणारी सई, सगळं आईंच्या भरवशावर. इतकी वर्षं वाट बघून मिळालेली खुर्ची होती ती. आमच्या आई खंबीर आहेत, असं मी भेटेल त्याला सांगत होते.

सांगावं लागत होतं, कारण अलीकडे आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं होतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. "वय झालं की होतं तसं," असं आशिष म्हणायचा आणि मीही मान डोलवायचे. मान डोलवणं माझ्या सोयीचं होतं.

पहाटे निघतानाही तसंच झालं. आम्ही गाडीत बसलो आणि कुलूप लावायला मागे थांबलेल्या आई खाली येईनात. आल्या, पुन्हा वर गेल्या. परत आल्या, परत वर. आशिष हॉर्न वाजवून दमला. शेवटी एकदाच्या उतरल्या, तर हातात कात्री. "ही कशाला?" विचारलं, तर "असू दे," म्हणून त्यांनी ती पिशवीत टाकली. सोलापुरातला सात रस्ता चौक मागे पडेपर्यंत आम्ही त्या कात्रीवर हसत होतो.

दुपारी कॉटेजवर पोचलो. आई प्रवासाच्या साडीतच टबात उतरल्या. "नाहीतरी धुवायचीच आहे," म्हणाल्या. बुडबुडे सुरू झाले तशा गुदगुल्या झाल्यासारख्या हसल्या. पदर पाण्यावर फुगून तरंगायला लागला आणि सईनं त्याचं टोक धरलं.

"आजी, ही गाठ कसली?"

पदराच्या टोकाला सुपारीएवढी गाठ होती. ही आईंची जुनी सवय. काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारायची आणि काम झालं की सोडायची. त्यांनी गाठ हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली.

"निघायच्या आधी मारली होती," त्या म्हणाल्या. "काहीतरी महत्त्वाचं होतं." त्यांनी गाठ पुन्हा चाचपली. "आठवत नाही गं."

मला एकदम नळ आठवला. आज पाण्याचा दिवस होता. आमच्या नळाला लावलेला पाइप स्वयंपाकघरातल्या पिंपात सोडलेला असतो. पाणी आलंय का ते बघायला जो तो नळ फिरवतो, आणि कोरडा नळ उघडा आहे की बंद, ते नुसतं बघून कळत नाही. पिंप भरलं की पाणी फरशीवर, आणि तिथून झिरपत खाली ईश्वरप्पांच्या दुकानात. ईश्वरप्पांचं दुकान वह्यांचं. शाळा उघडायच्या तोंडावर त्यांनी छतापर्यंत माल भरलेला.

"आई, नळ बंद केला होता ना?"

"केला होता." थोड्या वेळानं, "केला असेल की."

आमची एक किल्ली ईश्वरप्पांकडे असते. आशिष रेंजसाठी टेकाडावर चढला. फोन लागला, पण ईश्वरप्पा मैंदर्गीला लग्नात होते. संध्याकाळी परत आले की बघतो, म्हणाले. आशिष खाली आला तो तोंड पाडूनच.

"नळ उघडा निघाला, तर आईला एकटं ठेवता येणार नाही, देवयानी," तो हळू आवाजात म्हणाला. "मग बार्शीचं काय ते तुलाच ठरवावं लागेल."

तुलाच. मला असा राग आला की त्याला टबात ढकलावं वाटलं. पण तो खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच मी घाबरले होते. संध्याकाळपर्यंत मी देव पाण्यात घालून बसले. पाण्याची तेवढी तिथं कमतरता नव्हती. सई किनाऱ्यावर शिंपले गोळा करत होती, चहा निवून गेला, आणि माझ्या डोळ्यांपुढे ईश्वरप्पांच्या भिजलेल्या वह्या फुगत होत्या.

ऊन उतरल्यावर टेकाडावरून आशिषची हाक आली, ईश्वरप्पांचा व्हिडिओ कॉल आला होता. मी टेकाडावर धावतच गेले.

"मॅडम, काय काळजी करू नका," ईश्वरप्पा म्हणाले. "खडखडीत कोरडं हाय की समदं. नळ बी बंद हाय. पण हे काय बांधून ठिवलंय तुमी?"

त्यांनी फोन नळाजवळ नेला. नळाच्या चावीला जुन्या साडीची चिंधी घट्ट बांधलेली होती. गॅसच्या बटणाला चिंधी. मागच्या दाराच्या कडीला चिंधी. बंद केलं, चिंधी बांधली. कात्रीचा उलगडा झाला.

आशिष मोठ्यानं हसला. "बघ, आपल्यापेक्षा हुशार आहे आई. बार्शीचा प्रश्न मिटला." सुटल्यासारखं वाटून मीही हसले.

"नळाला एक न्हाय, तीन चिंध्या हायेत," ईश्वरप्पा म्हणाले. "येकीवर येक."

माझं हसू तिथंच थांबलं. नळ बंद करून, चिंधी बांधून त्या खाली आल्या होत्या. जिन्यातच विसरल्या होत्या. पुन्हा वर जाऊन, बांधलेल्या नळालाच पुन्हा बांधलं होतं. आम्ही खाली हॉर्न वाजवत होतो.

आशिष सईला आणायला किनाऱ्यावर गेला. आई अजून ओल्याच साडीत, टॉवेल गुंडाळून टबाच्या पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"नळ बंद आहे, आई."

"हं." त्या पदराचं टोक चाचपत होत्या. "मला आठवलं. नळाची नव्हतीच ही गाठ. तुझ्यासाठी होती."

"माझ्यासाठी?"

"आशिष नसताना तुला सांगायचं होतं. मला विसरायला होतंय गं. थोडंथोडकं नाही, लई. ओट्यासमोर उभी असते, तरी गॅस चालू की बंद ते उमजत नाही. सईला माझ्यावर सोडून तू बार्शीला जाणार, त्याआधी तुला कळायला हवं, असं ठरवलं होतं." त्या जराशा हसल्या. "आणि बघ, नेमकं तेच विसरले."

मला रडू आलं. खुर्चीसाठी आलं की त्यांच्यासाठी, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. त्यांनी पदर माझ्या हातात दिला.

"ओली झाल्यावर मला सुटेना. तू सोड. सांगून झालं माझं, आता लक्षात ठेवायचं काम तुझं."

गाठ फार घट्ट बसली होती. मी ती दातांनी सोडवायला लागले.